कोंबडा कुणाचा ठेवायचा?

गेल्या अंकात खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या, कोंबडीवर मी चार ओळी लिहिल्या आणि महिनाभर पत्रं येत राहिली. मी मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठच्या वस्तीवर राहते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चुलीमागच्या डालग्याखालची एक कोंबडी आणि तिच्या पोटाखालची ११ अंडी माझ्या हवाली केली. त्याला ३४ वर्षं झाली. तिच्याच वंशाच्या कोंबड्या आज माझ्या अंगणात चरतात, म्हणून मी जे सांगते ते त्या अंगणातून सांगते. सगळी पत्रं छापायला जागा नाही. पाच घेतली आहेत.

अक्का, माझ्याकडे १५ गावठी कोंबड्या आणि एक देखणा तांबडा कोंबडा आहे. चार वर्षं तोच आहे. आधी १२ अंड्यांतून १०-११ पिलं निघायची, यंदा ५ निघाली. त्यातल्या दोघांची बोटं वाकडी. कोंबड्या बदलू की खाद्य?
– एक शेतकरी, बार्शी तालुका

दादा, दोन्हीच्या आधी कोंबड्याकडे बघा. चार वर्षांत तुमच्या निम्म्याअधिक कोंबड्या त्याच्याच लेकी झाल्या असतील. बाप-लेकीच्या जोडीतून निघालेल्या पिलात दर चार जनुकांमागे एकाच्या, आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली अशा, दोन्ही प्रती सारख्या असण्याची शक्यता येते, म्हणजे २५ टक्के. सख्ख्या भावाबहिणीतही तेवढंच. मग जे दोष एरवी दबलेले असतात ते वर येतात. गर्भ कवचातच मरतो, पिलं अशक्त निघतात, अंडी कमी होतात.

एक हिशेब आहे, तो वहीत लिहून ठेवा. नर गुणिले माद्या, त्याची चौपट, भागिले दोघांची बेरीज. जो आकडा येईल तो तुमच्या कळपाचा खरा आकडा, रक्ताच्या दृष्टीने. तुमच्याकडे १ नर आणि १५ माद्या, म्हणजे ६० भागिले १६. पावणेचार. दारात १६ पाखरं फिरतात, पण वंशाला ती चारसुद्धा नाहीत. आता माद्या वाढवून बघा. ४० कोंबड्या केल्या आणि नर एकच ठेवला, तर १६० भागिले ४१, म्हणजे ३.९. एका नरावर हा आकडा चारच्या पुढे कधीच जात नाही. आणि त्याच १५ माद्यांना ३ नर ठेवले तर १८० भागिले १८, सरळ दहा. एका नरावर दर पिढीला रक्त जवळ येण्याचा वेग साधारण १३ टक्के, तीन नरांवर ५ टक्के.

आपल्याकडे होतं नेमकं उलटं. पाहुणा आला की नर कापतात, आषाढात नर कापतात, जत्रेला नवस फेडायला नर, आणि बाजारात भावही नरालाच. कोंबडी अंडी देते म्हणून वाचते. मीही हेच केलं. सात-आठ वर्षांपूर्वी मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, तेव्हा चार नर एका दिवसात विकले आणि सगळ्यांत रुबाबदार तेवढा ठेवला. तिसऱ्या पिढीला माझ्या टोपलीत मेलेली पिलं कवचाला चोच लावून पडलेली दिसायला लागली. आठवण आली की अजून वाईट वाटतं. तो वंश सावरायला मला पाच वर्षं लागली, आणि सावरला तो कसा, तर मधल्या काळात माझ्या नणंदेकडे कोळेगावच्या बाजूला आमच्याच तीन कोंबड्या अर्धेलीनं दिलेल्या होत्या, त्यांच्या पोटचे नर परत मिळाले म्हणून.

अर्धेली तुम्हाला माहीत असेलच. कोंबडी माझी, सांभाळ तुझा, पिलं निम्मी-निम्मी. आपल्या आज्यांनी पैशाच्या अडचणीतून ही रीत काढली. वंश टिकवायला याहून चांगली व्यवस्था मला तरी दिसली नाही. आता ती नीट वहीवर आणा. तीन घरं धरा किंवा आपल्याच रानात तीन खुराडी करा. पाच-पाच कोंबड्या आणि एकेक नर. पायात प्लॅस्टिकच्या कड्या घाला : लाल, हिरवी, निळी. तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आईच्याच खुराड्यात राहतील, आईच्याच रंगाची कडी घालतील. नर मात्र दरवर्षी पुढे सरकतील. लाल खुराड्यात जन्मलेला हिरव्यात, हिरव्यातला निळ्यात, निळ्यातला लालमध्ये. मुलगा घर सोडतो, मुलगी घरी राहते, एवढं लक्षात ठेवलं की झालं. बाहेरून एकही पाखरू न आणता हा फेरा बरीच वर्षं चालतो.

नर बदलताना घाई करू नका. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. जुना नर काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी खा किंवा विका, त्यानंतरची उबवायला ठेवा. नाहीतर वहीत बाप नवा आणि पिलू जुन्याचं.

कोणता नर ठेवायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार. सगळ्यांत मोठा नको. मोठा म्हणून निवडत गेलात की चार पिढ्यांत जड, आळशी, झाडावर न चढणारी कोंबडी होते आणि घार सगळ्यांत आधी तिलाच उचलते. मी आई बघते. जिनं गेल्या वर्षी अंडी उबवली, मुंगसासमोर पंख फुलवून उभी राहिली आणि दहातली आठ वाढवली, तिचा मुलगा मी ठेवते. घार दिसल्यावर हाळी देणारा नर ठेवते. आपली मालदांडी ३५-१ ज्वारी मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात अशीच इथल्या स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेली आहे. इथल्याच मातीत, इथल्याच कमी पावसात जे कणीस उभं राहिलं ते धरलं. कोंबडीलाही तोच न्याय लावा.

वाकड्या बोटांबद्दल एक सांगायचं राहिलं. ती नुसत्या जवळच्या रक्ताने होतात असं नाही, आईच्या खाण्यात ब-२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी होतात. कोंबड्या बांधून ज्वारीच्या चुरीवरच ठेवल्या असतील तर घोळाची भाजी, लसूणघास, मेथीची देठं रोज टाका. वाकड्या बोटांचं पाखरू खायला चालेल, वंशाला ठेवू नका.

अक्का, एप्रिल-मे मध्ये कोंबडी खुडूक होते, मी १५ अंडी घालते आणि निम्मी कुजतात. फोडून बघितलं तर आत लाल रेघ दिसते. वीस अंडी गेली की जीव हळहळतो. मशीन घ्यावं का?
– एक गृहिणी, मंगळवेढा

ताई, ती लाल रेघच तुम्हाला उत्तर देते आहे. अंडं नासकं नव्हतं. आत जीव धरला होता आणि मग तो गेला.

कोंबडी अंड्यावर बसल्याशिवाय पिलू वाढत नाही असं आपण समजतो. पण साधारण २४-२५ अंशांच्या वर अंड्यातला जीव हळूहळू जागा होतो. आपल्याकडे मे मध्ये बाहेर ४२-४३ आणि पत्र्याखालच्या फडताळात ३६-३७ अंश. तुम्ही पंधरा अंडी साठवायला पंधरा दिवस लावता. पहिलं अंडं तेवढे दिवस अर्धवट गरमीत वाढायला लागतं, रात्री थांबतं, दिवसा पुन्हा सुरू होतं आणि त्यातच मरतं. कोंबडीच्या पोटाखाली जाण्याआधीच ते मेलेलं असतं.

फुटकं मडकं घ्या, त्यात निम्म्यापर्यंत ओली वाळू, वर गोणपाटाचा तुकडा, त्यावर अंडी, निमुळतं टोक खाली. घरातल्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे पाण्याचा रांजण असतो तिथे ठेवा. वाळू रोज ओली करा, अंडी कोरडी राहू द्या. दिवसातून दोनदा अंडी गोळा करा. अंडं धुवू नका, त्यावर एक नैसर्गिक लेप असतो, तो गेला की घाण आत शिरते. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवू नका. आणि १५ नको. गावठी कोंबडीचं अंग १० ते १२ अंडी झाकतं, बाकीची कडेला गार पडतात आणि ती फिरवताना सगळ्याच अंड्यांना पाळीपाळीने गारठा लागतो.

सातव्या रात्री मोबाइलचा उजेड अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघा. लाल शिरांचं कोळ्याचं जाळं दिसलं तर ठेवा. नुसतं पिवळट, स्वच्छ दिसलं तर ते फळलेलंच नाही. लाल कडं दिसलं तर जीव गेला, काढून पुरा. टोपलीत बारीक भुसा, थोडी राख आणि कडुनिंबाचा पाला घाला, पिसवा कमी होतात. टोपली ओलसर मातीवर ठेवा. आपली उन्हाळी हवा इतकी कोरडी की अंड्यातलं पाणी उडून पिलाला आतली पातळ कातडी चिकटते. कोंबडी रोज एकदा उठून खाऊन येते, तेव्हा तिला परत बसवायला धावू नका. ती स्वतः येते.

खरं सांगायचं तर वंशासाठी ठेवायची पिलं मी उन्हाळ्यात काढतच नाही. दिवाळी झाली की अंडी बसवते. २१ दिवसांनी पिलं. माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी होते तेव्हा ती दोन-अडीच महिन्यांची असतात आणि खळ्यावर, कापल्या रानात सांडलेले दाणे, किडे, वाळवी सगळं स्वतः टिपतात. त्या वेळचं पिलू ऊन तापायच्या आत पिसांनी भरलेलं असतं.

मशीनबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. विकायला पिलं हवी असतील तर घ्या. ३७.५ अंश तापमान, आत पाण्याचं ताट, दिवसात तीन-चारदा फिरवणं, १८व्या दिवसापासून फिरवणं बंद, आणि वीज गेली तर काय करायचं याची सोय. पण वंश टिकवायचा असेल तर कोंबडीच बसवा. खुडूक होणं हा तिचा गुण आहे. मशीन आलं की खुडूक कोंबडी नकोशी होते. तेवढे दिवस ती अंडी देत नाही, मग लोक तिला पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात, शेवटी विकतात. वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या लेगहॉर्न जातीतला खुडूकपणा माणसांनी असाच निवडून निवडून घालवला. आपली कोंबडी वर्षाला साठ-सत्तर देत असेल, पण ती पुढची पिढी स्वतः उभी करते. ते तिच्याकडून काढून घेऊ नका. तिला बुडवायचंही थांबवा.

माझ्या घरी एक कोंबडी उघड्या मानेची निघाली. सासूबाई म्हणतात अवलक्षणी आहे, काढून टाक. नवरा म्हणतो रोग आहे. काय करू?
– एक सूनबाई, सांगोला

बाळ, ठेव. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगून हे वाचून दाखव.

हा रोग नाही. पिसं कमी येण्याचा हा एक जनुक आहे, आणि आपल्या उन्हाच्या मुलखात तो वरदान आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पिसं नसलेल्या जागेतून उष्णता बाहेर सोडते. जिची मान उघडी, तिला मे महिन्यातली दुपार सोपी जाते. माझ्याकडे अशा सहा आहेत. दोन वर्षांपूर्वी उन्हाच्या तडाख्यात माझ्या तीन दाट पिसांच्या कोंबड्या गेल्या, या सहांतली एकही नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं याच गुणाचा वापर करून 'हितकारी' नावाची कोंबडी तयार केली.

तिच्या मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुबका आहे का, ते बघ. असेल तर तिच्यात या जनुकाची एक प्रत आहे. तिला साध्या मानेचा नर दिलास तर साधारण निम्मी पिलं तिच्यासारखी, निम्मी साधी निघतील. झुबकाही नसेल तर दोन प्रती आहेत, मग सगळीच पिलं उघड्या मानेची, झुबक्याची निघतील. थंडीत तेवढी काळजी घे. डिसेंबरात या पिलांना जास्त ऊब लागते.

उलट्या पिसांच्या कोंबड्यांचंही हेच. तोही उष्णता सोसणारा गुण आहे, आणि काही ठिकाणी लोक त्या उताऱ्यासाठी मागायला येतात. माझ्या दारात आले तर मी देत नाही. एक लक्षात ठेव, उलट्या पिसांचा नर आणि उलट्या पिसांची मादी अशी जोडी लावायची नाही. काही पिलांची पिसं इतकी वळतात की तुटून अंग उघडं पडतं. एक उलट्या पिसांचं, एक साधं, अशी जोडी लाव.

कडकनाथची १० जोडी घेतली. त्यांच्या पिलांत चार पांढऱ्या कातडीची निघाली. फसवलं का? आणि अंडी काळी का नाहीत?
– एक तरुण, पंढरपूर

अंडी काळी नसतातच. कडकनाथची अंडी मळकट पांढरी किंवा फिकट तपकिरी असतात. काळेपणा कातडीत, मांसात, हाडात आणि आतल्या अवयवांत. काळं अंडं दाखवून कुणी विकत असेल तर तिथून परत फिरा.

पांढऱ्या कातडीची पिलं निघाली याचा अर्थ तुमच्या जोड्यांत मिसळ आहे. काळेपणाचा जनुक जोरकस आहे, संकराचं पाखरूही वरून काळं दिसू शकतं, आणि भेसळ पुढच्या पिढीत फुटते. ती फुटलीच तर बरं झालं, कळलं तरी. त्या चारांचे आईबाप ओळखता आले तर वेगळे काढा. हे पाखरू मुळात मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातलं, २०१८ मध्ये तिथल्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही जरूर पाळा. पण तुमच्या गावातल्या गावठी कोंबडीत तो नर सोडू नका. कडकनाथ जपणारे झाबुआत आहेत, तुमच्या आजीच्या कोंबडीला तुमच्याशिवाय कुणी नाही. महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवरच्या 'बुसरा' या गावठी जातीला निदान राष्ट्रीय नोंदीत नाव आहे. आपल्याकडच्या गावठीला कागदावर तेही नाही.

मानमोडी आली आणि ४० पैकी ३ उरल्या. पुन्हा सुरुवात करायची हिंमत होत नाही.
– एक आजी, अक्कलकोट तालुका

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, पाळी माझ्याकडेही एकदा आली होती. आठवडे बाजारातून एक पांढरी ठिपक्यांची कोंबडी आणली, आवडली म्हणून आणली आणि संध्याकाळी सरळ बाकीच्यांत सोडली. आठ दिवसांत हिरवट हगवण, घशात घरघर, मान पिळवटून आभाळाकडे. ३७ मधल्या ३१ गेल्या. नवऱ्यानं रोज सकाळी खड्डा खणला. रोग झाल्यावर औषध नाही, हे तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं आणि लस आधी का दिली नाही असं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लस मिळते, पण कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची. एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवायची आणि तोवर बर्फात ठेवायची. वीस कोंबड्यांची बाई म्हणते, ऐंशी मात्रा फेकायच्या का? म्हणून कुणीच घेत नाही. आम्ही वस्तीवरच्या १२ घरांनी दिवस ठरवला आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकजण थर्मासमध्ये कुपी आणतो, सगळ्या बाया आपापली डालगी घेऊन एका अंगणात येतात. पिलू पाच-सात दिवसांचं असताना मानमोडीची लासोटा लस, एकेक थेंब डोळ्यात. चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठव्या आठवड्यात त्याच रोगाच्या आरटूबी लसीची सुई. कोंबड्यांच्या देवी रोगाची लस डॉक्टरांना विचारून. हे काम पहाटे करा, उन्हात लस मरते. आजारी पाखराला टोचू नका.

तुमच्या उरलेल्या तीन विकू नका. ज्या रोगाने ३७ नेल्या त्यातून त्या वाचल्या आहेत. त्या तिघींना मी सोन्यासारखं जपीन. खुराडं रिकामं करून चुन्यानं सारवा, जुना भुसा जाळा, महिनाभर नवीन पाखरू आणू नका. आणाल ते २१ दिवस दुसऱ्या टोकाला, वेगळ्या भांड्यात पाणी, आणि त्याला हात लावून आलात तर हात धुऊनच आपल्या कोंबड्यांकडे जा. मेलेलं पाखरू ओढ्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा. एकाच दिवशी खूप पाखरं मेली तर दवाखान्यात कळवा, लपवू नका.

आणि यापुढे सगळं बी एका अंगणात ठेवू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला, आणि रोग पसरू नये म्हणून त्या भागातली पाखरं मारावी लागली. नवापूर हा बुसराचाच मुलूख. रोग असो वा सरकारी आदेश, तो गावाच्या हद्दीने येतो. दुसऱ्या तालुक्यातल्या लेकीकडे, भाचीकडे दोन कोंबड्या आणि एक नर अर्धेलीनं असला तर परत आणता येतो.

तुमच्याकडे नर उरला नसेल, तर माझा हिरव्या कडीचा एक तरणा नर तुमच्यासाठी ठेवला आहे. पैसे नकोत. पुढच्या वर्षी त्याचा एक मुलगा मला द्या, तो माझ्या निळ्या खुराड्यात जाईल. तुमच्या तिघींना लस झाली की संपादकांच्या पत्त्यावर एक कार्ड टाका, भाचा अक्कलकोटला जातच असतो, डालग्यात घालून पाठवते.